इंजिन मोठे, गाडी तीच

विहिरीवरची तीनची मोटार उतरवून पाचची बसवायची ठरली की आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्याला पुढचे हिशोब कोणी शिकवावे लागत नाहीत. केबल जाड घ्यावी लागते. स्टार्टर बदलावा लागतो. पाईप जुन्याच मापाचा ठेवला, तर वाढलेली ताकद पाइपातल्या घर्षणात जिरते आणि वीजबिल मात्र पाचच्या मोटारीचे येते. विहिरीचा झरा तेवढाच असेल, तर मोटार तासाभरात कोरडी पडते. एवढे सगळे करूनही उसाच्या शेवटच्या सरीला पाणी किती पोचले, हे मोटारीवर लिहिलेल्या आकड्यावरून कळत नाही.

जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवणे हा असाच व्यवहार आहे. मंचर-घोडेगाव-डिंभे-भीमाशंकर या रस्त्यावर रविवारी किंवा श्रावणात उभे राहिले, तर नव्या गाड्यांच्या रांगेत एखादी जुनी फियाट, एखादी काँटेसा, हुड काढलेली एखादी जीप दिसते. जुनी गाडी घेऊन ती हौसेने उभी करणारी मंडळी आता मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाहीत. अशी गाडी डिंभ्याच्या पुढे चढाला लागली की मालकाच्या मनात एक विचार हमखास येतो : गाडी देखणी आहे, पण ओढत नाही, हिच्यात मोठे इंजिन टाकले तर? गॅरेजमध्ये या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'बसेल की' असे मिळते. ते खरेही असते. थोडी कापाकापी, थोडे वेल्डिंग केले की कोणतेही इंजिन बहुतेक कोणत्याही गाडीत बसते. ते बसल्यावर बाकीच्या गाडीवर काय येते, याचा विचार या लेखात करायचा आहे.

एकाच गाडीत दोन इंजिने

हा विषय समजून घ्यायला जगातले सर्वांत सोयीचे उदाहरण एका ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे आहे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजी नावाच्या छोट्या, दोन माणसांच्या मोटारी बनत. आज आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या एमजी गाड्यांचे नाव तेच असले, तरी मालकी आणि कारखाने वेगळे आहेत. १९६२ साली आलेल्या एमजीबी या गाडीत १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि त्याची ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती होती. गाडी हलकी, वळणात चपळ आणि चालवायला सोपी होती. लोकांना ती आवडली आणि थोड्याच वर्षांत 'आणखी जोर हवा' अशी मागणी सुरू झाली.

कंपनीने ही मागणी दोनदा, दोन वेगवेगळी इंजिने घालून पुरी केली. पहिला प्रयत्न १९६७चा. त्याच गाडीत २९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले आणि तिला एमजीसी हे नाव दिले. ताकद झाली १४५ अश्वशक्ती. पण हे इंजिन बिडाचे, लांब आणि जड होते. जुन्या इंजिनापेक्षा ते सुमारे ९५ किलोंनी भारी होते आणि हे सगळे वजन पुढच्या चाकांवर आले. इंजिनाला जागा मिळावी म्हणून पुढच्या सस्पेन्शनची रचनाच बदलावी लागली, बॉनेटला उंचवटा काढावा लागला, चाकेही मोठी घ्यावी लागली. सरळ रस्त्यावर गाडी धावे, पण वळणात नाक जड झाल्यामुळे ती वळायला कुरकुर करी. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाऊ पाही. त्या काळच्या मोटारविषयक नियतकालिकांनी यावर सडकून टीका केली. १९६९मध्ये, सुमारे नऊ हजार गाड्या बनल्यावर, एमजीसी बंद झाली.

दुसरा प्रयत्न आधी कारखान्याबाहेर झाला. केन कॉस्टेलो या रेसिंगची पार्श्वभूमी असलेल्या इंग्रज कारागिराने एमजीबीत रोव्हर कंपनीचे ३५२८ सीसीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून गाड्या विकायला सुरुवात केली. आकड्याने हे इंजिन एमजीसीच्या इंजिनापेक्षाही मोठे. पण ते ॲल्युमिनियमचे होते. मूळ आराखडा अमेरिकेतल्या ब्यूकचा. त्याचे हक्क रोव्हरने साठच्या दशकाच्या मध्यावर विकत घेतले होते. या आठ सिलिंडरच्या इंजिनाचे वजन जवळपास एमजीबीच्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाएवढेच भरत असे. सिलिंडर दोन रांगांत इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे मांडलेले असल्याने त्याची लांबीही बेताची होती.

कॉस्टेलोचे काम पाहून कंपनीने १९७३मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. ताकद १३७ अश्वशक्ती, म्हणजे एमजीसीपेक्षा किंचित कमीच. पण ही गाडी वळणात जवळजवळ मूळ एमजीबीसारखी वागत असे. गाडी तीच आणि ताकदही जवळपास तेवढीच असताना दोघींच्या वागण्यात एवढा फरक पडला, तो मुख्यतः इंजिनाच्या वजनामुळे आणि ते वजन कुठे बसले यामुळे. सीसीच्या आकड्यात हा फरक कुठेच दिसत नाही.

कारखान्याने त्या वेळी केलेल्या इतर बदलांची यादी आपल्या गॅरेजच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. क्लच मोठा घेतला. मागच्या एक्सलचे प्रमाण ३.९ वरून ३.०७ वर आणले. पुढच्या ब्रेकच्या डिस्क जाड केल्या. रेडिएटर पुढे सरकवून त्याला दोन विजेचे पंखे दिले. कार्बोरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला नेले, त्यामुळे बॉनेट उंच करावे लागले नाही. इतके करूनही ही गाडी बाजारात फार चालली नाही. १९७३च्या अखेरीस तेलसंकट आले, पेट्रोल महागले आणि १९७६पर्यंत २५९१ गाड्या बनवून तिचे उत्पादन थांबले.

जागेच्या ओढाताणीचे उदाहरण सनबीम टायगर या दुसऱ्या ब्रिटिश गाडीचे आहे. १९६४ साली सनबीम अल्पाइन या नाजूक गाडीत फोर्डचे ४.२ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून ती तयार केली. इंजिन बसले, पण इतके घट्ट की मागच्या एका स्पार्क प्लगपर्यंत बॉनेटकडून हात पोचेना. म्हणून चालकाच्या पुढच्या पत्र्याला भोक पाडून त्याला रबरी बूच लावले; प्लग बदलायचा तर गाडीच्या आतून. इंजिन बसवताना केलेली तडजोड पुढे प्रत्येक दुरुस्तीला आडवी येते, ती अशी.

आपल्याकडची इंजिनबदली

भारतात एमजीच्या जुन्या गाड्या फार आल्या नाहीत, पण त्यांच्या इंजिनाचे भावंड मात्र देशभर फिरले. १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारचे १४८९ सीसीचे इंजिन आणि आपल्या अँबॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले. आयातीवर कडक बंधने होती त्या काळात एखाद्या हौशी माणसाच्या जुन्या विलायती गाडीचे इंजिन गेले, की सुटे भाग मिळण्याची आशा नसे. मग अँबॅसेडरचे किंवा जीपचे इंजिन त्या गाडीत जाई. आज मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीत मिरवणाऱ्या काही गाड्या मधली कित्येक वर्षे अशा उसन्या हृदयावर जगल्या आहेत. या बदलीत जोर वाढवण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी चालती ठेवणे, एवढाच हेतू.

दुसरी बदली इंधनाच्या हिशोबातून आली. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये विलीजच्या आराखड्याचे सुमारे २२०० सीसीचे पेट्रोल इंजिन असे. ते ओढायला दमदार होते, पण पेट्रोलही तसेच पीत असे. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी तफावत होती, तेव्हा असंख्य जीप, अँबॅसेडर आणि फियाट यांची पेट्रोल इंजिने उतरली आणि डिझेल इंजिने चढली. पुढे महिंद्रानेच प्यूजोच्या तंत्राचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन जीपमध्ये देऊ केले. म्हणजे इंजिन आकाराने किंचित लहान झाले. पण डिझेल इंजिनात दाब जास्त, म्हणून त्याचा ब्लॉक जड आणि हादरेही जास्त. आपल्या भागातल्या जुन्या फिटरांना विचारले तर डिझेल केलेल्या गाड्यांची तीच तीच दुखणी ऐकायला मिळतात : फाउंडेशनचे रबर फाटणे, चासीला चीर जाणे, पुढच्या स्प्रिंगा बसणे.

तिसरी बदली ताकदीसाठी, आणि तीही कारखान्यातच झालेली. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा १९८४ साली आली, ती व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीच्या सांगाड्यावर. शरीर पैलवानाचे, पण आत अँबॅसेडरचेच १४८९ सीसीचे, पन्नासेक अश्वशक्तीचे इंजिन. काही वर्षांनी तिला इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन मिळाले आणि ताकद ८५च्या पुढे गेली. आज 'काँटेसा क्लासिक' म्हणून लोक जी गाडी शोधतात, ती ही. कंपनीने इंजिनासोबत पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही दिला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चढणीला किती ताकद लागते

आता डिंभ्याच्या रस्त्यावर येऊ. घोडेगाव सोडून शिनोलीवरून डिंभ्याला आलो, की हुतात्मा बाबू गेनू सागराचे पाणी दिसू लागते. पुढे पोखरी घाट, मग तळेघर आणि शेवटी भीमाशंकर. ढोबळमानाने धरणाच्या पाण्यापेक्षा भीमाशंकर सुमारे ३०० मीटर उंच आहे.

समजा, चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १२०० किलो आहे आणि चढ आठ टक्क्यांचा आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर. हवेचा अडथळा, टायरांचे घर्षण आणि गिअर-एक्सलमध्ये जिरणारी ताकद धरली, तर हा चढ ताशी ४० किलोमीटरने चढायला इंजिनाने साधारण २१ अश्वशक्ती द्यावी लागते. ६० च्या वेगाला ३४ आणि ८० च्या वेगाला सुमारे ५०.

पद्मिनी फियाटच्या १०८९ सीसी इंजिनाची ताकद नवी असताना सुमारे ४० अश्वशक्ती होती. म्हणजे कागदावर ती हा चढ ६० च्या वेगाने चढू शकते, पण तिच्याकडे हाताशी फारसे काही उरत नाही. चाळीस वर्षांच्या वापराने रिंग-पिस्टन झिजले, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, कार्बोरेटर सुटला, तर ४० चे ३० व्हायला वेळ लागत नाही. मग तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढते आणि मालकाला वाटते की इंजिन लहान आहे.

म्हणून इंजिन बदलण्याआधीची पहिली पायरी म्हणजे आहे ते इंजिन मूळ ताकदीवर आहे का, हे पाहणे. कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायला तासभर पुरतो. बोअर करून नवे रिंग-पिस्टन, व्हॉल्व्हचे काम, टायमिंग आणि कार्बोरेटरची जुळणी एवढ्याने गेलेली ताकद बरीचशी परत येते. हा खर्च इंजिनबदलीच्या खर्चापुढे थोडा असतो, आणि त्यात गाडीचा एकही इतर भाग बदलावा लागत नाही.

या आकडेमोडीतून आणखी एक गोष्ट निघते. ४० च्या वेगाने चढताना २१ अश्वशक्तीच लागणार असेल, तर इंजिन ४० चे असो की १४० चे, ते तेवढीच देते. त्यामुळे मोठे इंजिन बसवल्याबरोबर गाडीवरचा ताण वाढतो असे नाही. तो वाढतो उजवा पाय खाली गेल्यावर. आणि ज्याने हौसेने मोठे इंजिन बसवले, त्याचा पाय खाली जाणारच.

ताकद पुढे कुठे जाते

डिंभे धरणाचा डावा कालवा येडगावकडे पाणी नेतो. धरणाचे दार जास्त उघडले, तर जास्त पाणी येडगावला पोचते, ते कालव्याच्या वहनक्षमतेपर्यंतच. त्यापुढे पाणी भराव शोधते, आणि जिथे भराव कच्चा तिथे कालवा फुटतो. गाडीतली ताकदही अशीच एका मार्गाने जाते : इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन, हाफ शाफ्ट, चाक आणि शेवटी टायर व रस्ता.

या मार्गावर अश्वशक्तीपेक्षा टॉर्क, म्हणजे पिळाची ताकद महत्त्वाची. एमजीबीचे आकडे घेऊ. मूळ इंजिनाचा टॉर्क सुमारे १५ किलोग्रॅम-मीटर. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.४ आणि एक्सलचे ३.९ धरले, तर हाफ शाफ्टपर्यंत तो जवळजवळ २०० होतो. व्ही-८ इंजिनाचा टॉर्क सुमारे २७. बाकी काहीच बदलले नाही, तर हाफ शाफ्टवर सुमारे ३६० येतात. कारखान्याने एक्सलचे प्रमाण ३.०७ केले, तेव्हा तोच आकडा २८०वर उतरला. एक्सल बदलण्यामागे जास्त वेगाची हौस तर होतीच, शिवाय मागच्या भागांचा जीव वाचवणे हाही त्यात लाभ होता.

जुन्या गाडीत हे बदल न करता इंजिन बसवले, की फिटरच्या भाषेत 'कच्चा भाग सरकत जातो'. आधी क्लच घसरतो. भारी क्लच बसवला, की गिअरचे दाते जातात. गिअरबॉक्स बदलला, की क्राउन-पिनियन आवाज करू लागते. तेही बदलले, की एक दिवस वळणावर हाफ शाफ्ट तुटतो. प्रत्येक वेळी मालकाला वाटते की हे शेवटचे दुखणे. म्हणून जाणकार लोक इंजिन, गिअरबॉक्स आणि शक्य असेल तर मागचा एक्सल एकाच गाडीतून घेतात. त्यांची जोडी कारखान्याने जमवलेली असते.

उष्णतेचेही तसेच. इंधनातल्या एकूण उष्णतेचा चौथा ते तिसरा हिस्सा चाकाकडे जाणारी ताकद बनतो. साधारण तेवढाच हिस्सा पाण्यावाटे रेडिएटरकडे जातो आणि उरलेला धुरांड्यातून बाहेर. घाटात वेग कमी, त्यामुळे रेडिएटरवर वारा कमी, आणि नेमके तेव्हाच काम जास्त. त्यात मोठ्या इंजिनाने बॉनेटखालची मोकळी जागा भरून टाकली, तर गरम हवेला बाहेर पडायला वाटच राहत नाही. सायलेन्सरच्या पाइपाशेजारून गेलेली पेट्रोलची नळी आणि वायरिंग हे अशा गाड्यांतले सर्वांत धोक्याचे ठिकाण. इंजिनबदली केलेल्या गाडीला आग लागते ती बहुतेक इथून.

वजनाचा हिशोब मात्र आपल्या भागात अगदी सोप्याने करता येतो. उसाच्या हंगामासाठी जागोजागी वजनकाटे आहेत. इंजिन बदलण्याआधी गाडीची फक्त पुढची चाके काट्यावर घ्यायची, मग फक्त मागची. बदलल्यावर पुन्हा तसेच. पुढचे वजन ४०-५० किलोंपेक्षा जास्त वाढले असेल, तर स्प्रिंगा, शॉकअप आणि स्टिअरिंग यांचा विचार केल्याशिवाय ती गाडी घाटात नेऊ नये. एमजीसीची चूक या एका पावतीवर दिसली असती.

उतार

चढताना इंजिन कमी पडले, तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडले, तर ती थांबत नाही. म्हणून मोठ्या इंजिनाचा खरा हिशोब परतीच्या वाटेवर होतो.

१२०० किलोची गाडी ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा तिच्या उंचीतून सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. ही ऊर्जा कुठेतरी जिरलीच पाहिजे. सगळी उष्णता बनली, तर तिच्यावर सुमारे ११ लिटर पाणी उकळेल. थोडी हवा आणि टायर घेतात, थोडी खालच्या गिअरमध्ये इंजिन पकडून ठेवते, आणि उरलेली ब्रेकच्या वाट्याला येते. जुन्या गाड्यांचे ब्रेक बहुधा चारही चाकांना ड्रमचे. ड्रम तापला की फुगतो, लायनिंगची पकड सुटते, पेडल खोल जाऊ लागते. ब्रेक ऑइल जुने असेल, तर त्यात ओढलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल सरळ तळाला लागते.

इथे वेगाचा नियम निर्दय आहे. वेग दीडपट झाला, म्हणजे ४० चा ६० झाला, की गाडीतली गतीची ऊर्जा सव्वादोनपट होते. मोठ्या इंजिनाची गाडी दोन वळणांच्या मधल्या सरळ तुकड्यात सहज ६० गाठते. जुने इंजिन तिथे ४०-४५ च्या पुढे जातच नसे, म्हणून जुने ब्रेक पुरत होते. शिवाय एक्सलचे प्रमाण कमी केले असेल, तर त्याच वेगाला इंजिन कमी फिरते आणि उतारावर ते गाडीला पूर्वीइतके धरून ठेवत नाही. एका बदलाचा फायदा दुसऱ्या जागी तोटा होतो, तो असा.

म्हणून ज्यांनी हे काम नीट केले, त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी ब्रेक, मग टायर आणि सस्पेन्शन, मग रेडिएटर, त्यानंतर क्लच-गिअर-एक्सल, आणि इंजिन सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुतेक कामे इंजिनापासून सुरू होतात आणि पैसे संपतात तिथे थांबतात. ब्रेकची पाळी तोवर आलेली नसते. श्रावणात पोखरी घाटात पायी चालणारे भाविक असतात, एसटी असते, दुचाकीवर लेकराबाळांसह कुटुंबे असतात. गाडी हौसेची असली, तरी तिचे ब्रेक या सगळ्यांच्या वतीने लागायचे असतात.

आरसी बुकाचा प्रश्न

तांत्रिक बाजू जमली तरी कायद्याची उरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये एका केरळमधल्या प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. इंधनाचा प्रकार बदलण्यासाठी, म्हणजे सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी, मान्यताप्राप्त किट बसवायला मात्र कायद्यात वाट ठेवली आहे. इंजिन खराब झाले म्हणून त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे दुसरे बसवणे ही वेगळी गोष्ट. त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. मान्यतेविना बदल झाला असेल, तर १४ दिवसांच्या आत तो कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे. पण दुसऱ्याच कंपनीचे, जास्त सीसीचे इंजिन साध्या अर्जाने आरसीवर चढेल, असे धरून कोणी चालू नये.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडापेक्षाही मोठी अडचण विम्याची. अपघात झाला, इंजिन नंबर जुळला नाही आणि बदल विमा कंपनीला कळवलेला नसला, तर दावा अडकतो. त्या वेळी एमएच-१४ ची ती गाडी आणि तिच्यामुळे जखमी झालेला माणूस यांच्यामध्ये मालकाच्या जमिनीशिवाय काही उरत नाही.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या मालकाने आणखी एक गोष्ट पाहावी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. अशा गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे १९७० सालच्या गाडीत आज मोठे इंजिन टाकणारा माणूस तिला मिळू शकणारा हा मान स्वतःच्या हाताने घालवतो. त्यामुळे बाजारात उलटा प्रवास सुरू झाला आहे. पूर्वी अँबॅसेडरचे इंजिन बसवलेल्या गाड्यांसाठी लोक आता मूळ इंजिन शोधत फिरतात. भंगारात काढलेले इंजिन ही आज त्या गाडीची सर्वांत महाग वस्तू ठरू शकते.

बॅटरीवर गाडी चालवण्याचा पर्याय अलीकडे पुढे आला आहे. त्यासाठीच्या किटला एआरएआयसारख्या तपासणी संस्थेची मान्यता लागते. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. हा मार्ग कायद्याने मोकळा असला, तरी वरचे हिशोब त्यालाही चुकत नाहीत. बॅटरी जड असते, ती कुठे बसवली यावर गाडीचे वागणे ठरते. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क देते आणि हाफ शाफ्ट तोच जुना असतो.

काय करावे

ज्याच्या मनात इंजिनबदलीचा विचार आहे, त्याने चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. आताच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन किती. दोन्ही इंजिनांचे वजन किती. नव्या इंजिनाचा टॉर्क आणि जुन्या गिअरबॉक्स-एक्सलची मूळ गाडीतली क्षमता किती. आणि हा बदल आरसीवर चढणार का. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच बऱ्याच जणांचे काम होते, कारण गाडी दुबळी नसून आजारी असते. चौथ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. बंदिस्त ट्रॅकवर चालवण्यासाठी बांधलेल्या गाडीची गोष्ट वेगळी.

एवढे करूनही जो मोठे इंजिन बसवेल, त्याने पहिली चाचणी चढावर घेऊ नये. चढावर कोणतेही मोठे इंजिन छान वाटते. गाडी भरून, सकाळी रस्ता मोकळा असताना, भीमाशंकरहून डिंभ्याकडे खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरावे, मधूनमधून थांबून चाकांजवळ हात नेऊन ड्रम किती तापले ते पाहावे. खाली धरणाच्या पाण्याशी पोचल्यावर ब्रेकचे पेडल घाटमाथ्यावर होते तेवढेच वर असेल, तर काम बरे झाले आहे असे समजावे.